औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला, त्याला आता चार वर्षं होतील. दुसऱ्या केमोनंतर ती पार खचली. तशात कोणीतरी तिला सांगितलं, ध्यानाने गाठ विरघळते. झालं! तिसऱ्या केमोला जायचंच नाही, असा हट्ट धरून बसली. "ताई, तू रोज पहाटे डोळे मिटून बसतेस ना, मग तूच शिकव मला."

शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी क्षणभर निरुत्तर झाले. मग म्हटलं, "शिकवते. पण आपला वर्ग भरेल तो केमोच्या खोलीत."

ती आली. सुई टोचते आहे, तर टोचते आहे. पुढच्या तपासणीत काय निघेल हा विचार आला, तर 'विचार आला' एवढंच म्हणायचं आणि परत श्वासाकडे यायचं. आमचा अभ्यासक्रम इतकाच! मळमळ थांबली नाही, केसही गेले. पण आदल्या रात्रीची धडधड कमी झाली आणि उरलेल्या चारही केमो तिने पूर्ण केल्या.

यालाच हल्ली माइंडफुलनेस म्हणतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी त्याचे वर्ग सुरू केले. २०२३ मध्ये तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याची शिफारस केली, पण ती रुग्णाची चिंता आणि नैराश्य कमी व्हावं म्हणून, गाठीसाठी नव्हे! उलट येल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटीहून जास्त. तो आकडा वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आणखी एक सांगते. भेटायला येणारे म्हणतात, "मन खंबीर ठेव, बरी होशील." म्हणजे बरी नाही झाली, तर दोष तिच्याच मनाचा? आजाऱ्याच्या डोक्यावर हे ओझं कशाला? घाबरण्याचा, रडण्याचा तिला हक्क आहे. रडू येतंय हे शांतपणे पाहणं, हेही ध्यानच की! आणि डोळे मिटून कोणाची घालमेल वाढत असेल, तर खुशाल थांबावं, डॉक्टरांना सांगावं.

असो. बहीण परवाच तपासणी करून आली. बाहेर बाकावर आम्ही दोघी श्वास पाहत बसलो होतो. खरं सांगू? त्या दिवशी ध्यानाची गरज तिच्यापेक्षा मलाच जास्त होती.