कामाला माणूस मिळेना

जपानच्या होक्काइदो बेटावर युबारी नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणींनी त्याला वैभव दिले. १९६० च्या सुमारास तिथे लाखाच्या वर वस्ती होती. आज ती सात हजारांच्याही खाली आली आहे आणि उरलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक पासष्टी ओलांडलेले आहेत. खाणी एकेक करून बंद झाल्या. मग पर्यटनावर पैसा ओतला गेला, कर्ज डोंगराएवढे झाले आणि २००७ साली नगरपालिकेने हात वर केले. सहा प्राथमिक शाळांची एक शाळा झाली, १७१ खाटांच्या रुग्णालयाच्या जागी १९ खाटांचा दवाखाना आला आणि २०१९ मध्ये गावात येणारी रेल्वेही बंद झाली. युबारीचे खरबूज मात्र आजही जपानभर मानाने विकले जाते.

युबारीत काम गेले म्हणून माणसे गेली. बाकीच्या जपानचे उलटे आहे. काम आहे, माणूस नाही. १५ ते ६४ या वयाची लोकसंख्या १९९५ साली तिथे ८.७ कोटी होती, ती आता सुमारे ७.४ कोटी आहे. युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही. नुसती मुले कमी जन्मली आणि तीस वर्षांत कमावत्या वयाची सव्वा कोटीहून अधिक माणसे कमी झाली. २०२४ मध्ये जपानी दांपत्यांच्या पोटी सात लाखही मुले जन्मली नाहीत. नोंदी ठेवायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडले. शेजारच्या दक्षिण कोरियाची अवस्था याहून बिकट आहे.

जपानने हातपाय हलवले नाहीत असे नाही. बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, पासष्टीपुढचा दर चौथा माणूस आजही कामावर जातो, कारखान्यांत यंत्रमानव आले. पण म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवायला, आंघोळ घालायला, दोन घास भरवायला शेवटी माणूसच लागतो. तो बाहेरून आणायचा, तर तसे उघड म्हणायची तयारी नव्हती. म्हणून १९९३ साली ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली परदेशी तरुण आणायला सुरुवात झाली. प्रत्यक्षात ते मजूरच होते. मालक बदलायची त्यांना मुभा नव्हती. छळाला आणि तुटपुंज्या पगाराला कंटाळून दरवर्षी हजारो जण पळून जात राहिले. ही योजना मोडीत काढण्याचा कायदा व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

जर्मनीने हा धडा आधीच गिरवला होता. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, ते दोन वर्षांत परत जातील या हिशेबाने. ते राहिले, बायकामुले आली, आणि या कुटुंबांच्या भाषेचा, शाळेचा, नागरिकत्वाचा विचार करायला पुढची कित्येक दशके गेली. आता त्याच जर्मनीत १९६४ साली जन्मलेली साडेतेरा लाखांची सर्वांत मोठी पिढी २०३१ मध्ये ६७ वर्षांची होऊन निवृत्त होईल. त्यांच्या जागा भरायच्या आहेत. कुशल भारतीयांसाठी वर्षाला २० हजार असलेला व्हिसाचा आकडा २०२४ मध्ये ९० हजारांवर नेला गेला, तो याच घाईतून.

इथे हा विषय आपल्या दारात येतो. बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल उमेदवार पाठवायचे ठरले: परिचारिका, वीजतंत्री, चालक, आचारी. या तरुणांनी जावे, जरूर जावे, असेच आम्हाला वाटते. पण लातूरला किंवा मिरजेला नर्सिंग पूर्ण केलेली मुलगी तिकडे पोहोचते तेव्हा तिच्या पदविकेला तिथली मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणून, कमी पगारावर राबावे लागते. मान्यता किती महिन्यांत मिळणार? भाषेच्या शिकवणीचा खर्च कोणाच्या डोक्यावर? एजंटाने फसवले तर दाद कुठे मागायची? नवऱ्याला, मुलांना कधी नेता येईल? गरज जर्मनीची आहे, तेव्हा हे प्रश्न आत्ताच, सहीच्या टेबलावर आणि ठणकावून विचारायला हवेत.

आपल्याकडे माणसांची खाण आहे अशा भ्रमातही राहू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर (दर स्त्रीमागे सरासरी मुले) १.७ वर आला, गोव्याचा १.३ वर. लोकसंख्या टिकवायला तो २.१ लागतो. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढत होती, तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली. मुंबईने ओढून नेलेल्या मुलांचे आईबाप तिथे कुणाच्या भरवशावर आहेत, हे कोकणातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. जपानने वृद्धांच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा २००० सालीच सुरू केला. आपल्याकडे अजून त्याची फारशी चर्चाही नाही. आपण म्हणतो, मुले आहेत की! मुले परदेशी असतात आणि आई फराळाचे पार्सल बांधत असते.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग या विषयाला दिला आहे. जाणाऱ्यांनी तो वाचावा, पाठवणाऱ्यांनी वाचावा, आणि करारावर सह्या करणाऱ्यांनी तर वाचावाच.