ईसीजीची पट्टी आणि दवाखान्याचे अर्थिंग

छातीत कळ आली की भूम-परंड्याचा माणूस बार्शीकडे, तुळजापूर-उमरग्याचा सोलापूरकडे आणि कळंबचा लातूरकडे पळतो. खुद्द धाराशिवहून सोलापूर गाठायचे तरी सत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढे अंतर तोडायचे की नाही, हे ठरते जवळच्या दवाखान्यात काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर. गाठ विरघळवणारे इंजेक्शन बारा तासांच्या आत द्यावे लागते, आणि पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त. म्हणून पट्टी स्वच्छ निघणे ही चैन नव्हे.

आता पट्टी काढणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी नवलाईचे राहिलेले नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प सुरू केला, त्यात पट्टी इंटरनेटवरून लांबच्या तज्ज्ञाकडे जाते आणि काही मिनिटांत अहवाल येतो. पण इथून गढूळ पट्टी गेली तर तिथला तज्ज्ञ तरी काय वाचणार?

हृदयाची वीज किती असते ते पाहा. पट्टीवर दहा मिलिमीटर उंचीची रेघ म्हणजे एक मिलिव्होल्ट, व्होल्टाचा हजारावा भाग. भिंतीतल्या वायरीत २३० व्होल्ट. शेजारी पंखा, ट्यूबलाइट, मोबाईलचा चार्जर, मागे बोअरची मोटार. यातला थोडासा अंश जरी शरीरात आणि वायरीत शिरला तरी पट्टीवर जाड, केसाळ रेघ उमटते. ती ओळखणे सोपे आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पाच मिलिमीटरच्या एका मोठ्या चौकोनात एकसारखे दहा हेलकावे मोजता येतात. तेवढे मोजता आले तर दोष विजेचा. हेलकावे वेडेवाकडे असतील तर पेशंट थंडीने किंवा भीतीने थरथरतोय. त्याच्या अंगावर घोंगडी टाका. सगळी रेघच वरखाली झोके घेत असेल तर श्वास जोरात चालला आहे किंवा चकती नीट चिकटलेली नाही.

दोष कुठल्या वायरीत, तेही पट्टीच सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या लीडमध्ये खरखर, तिसरी स्वच्छ, तर उजव्या हाताची लाल वायर पाहावी. दुसरी-तिसरी खराब असेल तर डाव्या पायाची हिरवी. सगळीकडेच खरखर असेल तर उजव्या पायाची काळी वायर आधी तपासावी. पहिल्या लीडमध्ये सगळे उलटे दिसले तर लाल-पिवळीची अदलाबदल झालेली असू शकते, आणि हे घाईत होतेच. तेलकट, घामट कातडी पुसून घ्यावी, वाळलेली जेल बदलावी.

मॉनिटरचा धोका वेगळा. चकती निघाली की पडद्यावर सपाट रेघ येते, आणि नातेवाइकांची रडारड सुरू होते. हात थरथरला की जीवघेण्या ठोक्यांसारखे चित्र दिसते. पडदा काहीही सांगो, आधी पेशंटला हाक मारावी, नाडी बघावी.

सर्वांत स्वस्त परीक्षा म्हणजे प्लग काढून यंत्र बॅटरीवर चालवणे. खरखर गेली तर दोष जोडणीत आहे हे उघड झाले. मग बघा, तीन पिनांचा प्लग दोन पिनांत खोचलेला असतो, नाहीतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगला ओल लागते. आपल्याकडे मार्चनंतर जमीन भेगाळते, त्या वेळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे काम कुणाचे? यंत्राची देखभाल कंपनीकडे, भिंतीतली वायर बांधकाम खात्याकडे, डीपीपासूनची लाइन महावितरणकडे. खड्डा कुणाच्याच यादीत नाही. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी दवाखान्यांतील यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला, त्यात यंत्राची दुरुस्ती येते; इमारतीच्या अर्थिंगची तपासणी मात्र वायरमन येईल तेव्हा.

काही जण यंत्रातला फिल्टर लावून खरखर घालवतात. पन्नास हर्ट्झचा फिल्टर जरूर लावावा, परदेशी यंत्रावर तो साठवर ठेवलेला असतो हे मात्र बघून. थरथर घालवणारा जड फिल्टर मात्र रेघेचा आकारच थोडा बदलतो, आणि झटक्याचे निदान त्याच आकारावर असते. शंका आली, किंवा पट्टी ठीक आणि दुखणे चालूच, तर दहा-पंधरा मिनिटांनी दुसरी पट्टी काढावी. पहिली नॉर्मल आली म्हणून माणसाला घरी धाडू नये.

रुग्ण कल्याण समितीच्या खर्चातून अर्थिंगची वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडी तपासणी करून घेता येईल. समितीच्या पुढच्या बैठकीत गावच्या प्रतिनिधीने एवढेच विचारावे: अर्थिंग शेवटचे कधी मोजले, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे?