कलेला धंद्याचा विटाळ नाही

रेवदंड्यात एखाद्या चित्रकाराने मागच्या पडवीत गणपतीचा कारखाना काढला, किंवा नाटक लिहिणाऱ्याने वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, की जाणती माणसं हळहळतात. ‘हात चांगला होता, पण धंद्याला लागला.’ कला ही साधना आहे, तिला सगळं मन द्यावं लागतं, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता ते मन विटतं, असं त्यांचं म्हणणं. ते कळकळीचं आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यातून आले. ब्लॉक करणं, रंगीत छपाई, छायाचित्रण हे त्यांनी पोटासाठी केलं आणि तोच हात पुढे चित्रपटात चालला. १९१२ साली विलायतेला जायला त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशनला लागला. १९१८ मध्ये धनिक भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. तिथे मात्र खटके उडाले आणि या देशात चित्रपट रुजवणारा माणूस कंपनी सोडून काशीला निघून गेला. फाळक्यांना कंपनीतून घालवलं ते छपाईच्या धंद्याने नव्हे, दुसऱ्याच्या पैशाने. आणि निळू फुले? पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत. स्वतःची रोपवाटिका काढायची त्यांची इच्छा भांडवलाअभावी राहून गेली. झाडांत राबल्याने त्यांचा अभिनय कुठे उणा पडला, हे कोणीतरी दाखवून द्यावं.

आता आमच्याकडचा कारखाना पाहा. आषाढात घरोघरचे पाट येऊन पडतात. पाटाच्या मागे खडूने आडनाव, मूर्ती किती उंच हवी तेही तिथेच. माती मळणं, साचा, हातपाय जोडणं, रंग हे घरातले सगळे करतात. पण डोळ्यांची आखणी एकच जण करतो. श्वास रोखून, बारीक ब्रशने. रेघ केसभर सरकली तर देवाची नजर फिरते आणि गिऱ्हाईक मूर्ती हातात घेताच ते ओळखतं. वर्षानुवर्षं ही रेघ ओढणाऱ्याचा हात धंद्याने बिघडतो, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. चतुर्थीला रोख पैसे हातात येतात. त्यातून वर्षाचे रंग आणि कॅनव्हास येतात, आणि कोणता विषय रंगवायचा हे दुसरा कोणी सांगत नाही.

शिवाय या किनाऱ्यावरच्या धंद्याला हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सुपारीचं काम हिवाळ्याचं. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हापासून शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. मधल्या वारी खोल्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. ते दिवस लिहिण्याचे, तालमीचे. नोकरी असं मोकळं रान कधीच देत नाही. वसंतराव देशपांडे किती वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात अडकून पडले होते!

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. धंदा वाढतो आणि माणसाला गिळतो. दोन खोल्यांच्या दहा झाल्या, पोहण्याचा तलाव आला, मग नाटकाची वही कपाटात जाते. हे इथेही घडतं. पण यावर धंदा टाळणं हा उपाय नाही, तो आवरणं हा आहे. दोनच खोल्या, चाळीसच मूर्ती, असा आकडा आधीच ठरवावा आणि बायको-मुलांना, भावांना तो सांगून ठेवावा, कारण वाढवायचा आग्रह घरातूनच होतो.

कलावंताने आपलं पोट आपणच भरलं, म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. नाट्यगृहं, तालमीच्या जागा, शाळेत चित्रकलेचा शिक्षक हे सगळं मागायलाच हवं. पण त्याची वाट पाहत विशीतला मुलगा किती काळ बसेल? राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, मुद्राचं पन्नास हजारांपर्यंतचं शिशू कर्ज आहे. घरच्यांनी त्याला खुशाल अर्ज भरू द्यावा.

हळहळणाऱ्यांना करण्यासारखंही एक काम आहे. येत्या आषाढात आपल्या घरचा पाट कारखाना काढलेल्या त्या चित्रकाराकडे टाका आणि अर्धे पैसे तेव्हाच द्या. माती, रंग तेव्हा घ्यावे लागतात, आणि नेमके तेव्हाच त्याच्याकडे पैसे नसतात.