तारांखालची माणसे

पाताळगंगेकाठची रसायनी कारखान्यांमुळे ओळखली जात असली, तरी तिच्या आसपासच्या खालापूर-कर्जत पट्ट्याची खरी मिळकत माणसांची आहे. रसायनीलगतच्या चौक गावाशी परंपरेने जोडले जाणारे नेताजी पालकर शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे घोडदळाचे सेनापती होते, आणि मोगलांकडील सक्तीच्या धर्मांतरानंतर १६७६ मध्ये ते स्वराज्यात परतले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मानाने विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे नाव रायगड जिल्ह्याबाहेर कमीच घेतले जाते, आणि हे अन्यायाचे आहे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेल्या भाईंनी वकिलीची पदवी घेतली, तरी सावकारी पाशातील शेतकरी व आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठी, म्हणजे अडीअडचणीला धान्य उसने देणारा सामाईक साठा, उभारली. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने, म्हणजे भूमिगत तुकडीने, मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. खोपोली आणि भिवपुरी येथे घाटावरच्या पाण्यापासून वीज तयार होत होती आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या, हे ध्यानात घेतले की घाव नेमका कोठे घातला गेला ते कळते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाईंसोबत याच भागातील हिराजी गोमाजी पाटील हे तरुण सहकारीही धारातीर्थी पडले.