एक रिकामा दिवस

तलासरीचं दोन दिवसांचं शिबिर संपलं आणि आम्ही पाचजणी परतीच्या गाडीत बसलोच नाही. एक दिवस मागे राहायचं, बोर्डीला समुद्रावर जायचं, असं आधीच ठरलं होतं. आठ-नऊ वर्षं मी डहाणू-तलासरीत येते आहे. बचत गटांच्या बैठका, वनहक्काचे दावे, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा. कामाशिवाय कधी आलेच नाही. समुद्र इतका जवळ, पण मी तो नीट पाहिलाच नव्हता.

ओहोटीची वेळ होती. पाणी लांबवर मागे गेलेलं. चपला हातात घेऊन आम्ही चालत सुटलो. मग सुरूच्या सावलीत आडव्या पडून घोलवडचे चिकू खाल्ले, मोठमोठ्याने गाणी म्हटली. दुपारी एका घरगुती खानावळीत गेलो. दारातच प्रश्न आला, "बरोबर कुणी नाही?" आम्ही म्हटलं, "आहोत की पाचजणी!" तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, कालवण, भात. गरम भाकरी ताटात पडते आहे आणि मधेच उठायचं नाही, हे सुख शेवटचं कधी मिळालं, ते आमच्यातल्या एकीलाही आठवेना.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे.

एकीने दुपारपर्यंत घरी चार फोन केले. चौथ्या फोननंतर ती गप्प झाली. पोळ्या तिच्या तेरा वर्षांच्या मुलीने केल्या होत्या. मुलीचा बाप आणि मोठा भाऊ दोघंही घरीच होते. दुसरीने घरी शिबिर तीन दिवसांचं असल्याचं सांगितलं होतं. आणि मी? मी 'काम लांबलं' म्हणून कळवून मोकळी झाले होते. आदल्याच दिवशी शिबिरात मी 'स्वतःसाठी वेळ' या विषयावर तासभर बोलले होते! पाचांपैकी एकटीच घरी सरळ सांगून आली होती की, मजा करायला जाते आहे.

कामासाठी घराबाहेर पडण्याचा हक्क आपण भांडून मिळवला. मोर्चाला जाऊ, कोर्टात जाऊ, रात्री उशिरा पोलीस ठाण्यातही जाऊ. मात्र नुसतं बसायला, खायला, हसायला जायचं असेल तर आपल्याला अजूनही कारण लागतं. असं का?

नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढा दिला, म्हणून 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या लढ्याच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. ती सुट्टी गिरणीच्या फाटकापर्यंत आली, चुलीपर्यंत आलीच नाही. उलट रविवार म्हणजे घरात जास्तीचा स्वयंपाक, जास्तीचं धुणं. 2024 सालची सरकारी वेळ-वापर पाहणी सांगते की, घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. यात मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं धरलेलंच नाही.

ज्या मातीत आम्ही शिबिर घेतलं, तिथेच हा प्रश्न वेगळ्या रूपात लढला गेला आहे. मे 1945 मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही सावकाराच्या दारात राबावं लागे. त्या गुलामीची आणि घरकामाची बरोबरी मी करत नाही. पण तिथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'आमचा वेळ आमचा' हे तेव्हा एकेकट्याने म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून म्हटलं, म्हणून ते टिकलं.

निघताना खानावळीतल्या बाईंना विचारलं, तुम्ही समुद्रावर कधी जाता? त्या हसल्या. म्हणाल्या, बोंबील वाळत घालायला जाते की रोज. बसायला? बसायला नाही गेले कधी. आमची सुट्टी त्यांच्या दोन हातांवर आणि त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या पोळ्यांवर उभी होती. एका बाईचा विसावा दुसरीच्या अंगावर पडत असेल, तर कष्ट फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, एवढंच.

म्हणून माझं सांगणं असं. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस रिकामा ठेवावा. त्याला प्रशिक्षण जोडू नये, अहवाल लिहू नये. त्या दिवशीचं घरचं काम मुलीवर, सुनेवर, सासूवर न टाकता घरातल्या पुरुषांनी करायचं, हे गटाने आधी घरोघरी जाऊन बोलावं. आणि घरी खरं सांगून निघावं.

मीही रात्री घरी पोचल्यावर सांगितलं, "शिबिर कालच संपलं होतं. आज मी समुद्रावर होते." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, "पाणी कसं होतं गं?"

पुढच्या वेळी त्यांना घेऊन जाणार आहे.