गुणवत्तेच्या नावानं चांगभलं!

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने एका अधिसूचनेच्या फटक्यात गोरगरिबांच्या लेकरांच्या तोंडावर खासगी शाळांची दारे लावून घेतली. शिक्षणहक्क कायद्याने या शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या आहेत. पण ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिला या जबाबदारीतून मोकळे केले गेले. शहरात अशी शाळा एक किलोमीटरच्या आत नसते कुठे? म्हणजे कायदा कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात गतप्राण. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या नियमाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला, म्हणून निभावले. नियम रद्द झाला. तो सुचवणारी बुद्धी शाबूत आहे. आमचे भांडण त्या बुद्धीशी आहे.

ही बुद्धी म्हणते, चांगले शिक्षण ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे विकत घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याला जवळची सरकारी शाळा आहेच की! त्या शाळेत पाच इयत्तांना मिळून दोनच गुरुजी का, हे मात्र विचारायचे नाही. विचारले तर उत्तर तयार असते : आम्हाला गुणवत्ता वाढवायची आहे, सगळ्यांना एका दावणीला बांधले तर गुणवत्ता बुडेल. गुणवत्ता आणि समता या जणू एकमेकींच्या सवती! मंत्र्यांपासून संस्थाचालकांपर्यंत आणि चर्चासत्रांतल्या तज्ज्ञांपासून दिवाणखान्यांतल्या काकांपर्यंत सगळे हाच मंत्र जपतात. तो धादांत खोटा आहे, आणि एका अख्ख्या देशाने आपल्या मुलांच्या पिढ्या खर्ची घालून त्याचा पुरावा मांडून ठेवला आहे.

तो देश चिली. हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत, १९८१च्या सुमारास, तिथल्या सरकारी शाळा नगरपालिकांच्या गळ्यात बांधल्या गेल्या आणि अनुदान मुलामागे देण्याची पद्धत आली. मूल जिकडे जाईल तिकडे पैसा जाईल, मग शाळा सरकारी असो की नफ्यासाठी थाटलेली. शिकागोत अर्थशास्त्र शिकून आलेल्या मंडळींचा हा हिशेब होता : शाळांत स्पर्धा लागेल, वाईट शाळा आपोआप बंद पडतील, गुणवत्ता उसळ्या मारू लागेल. झाले काय? शाळांनी स्पर्धा केली ती मुले शिकवण्यात नव्हे, मुले निवडण्यात. प्रवेशाआधी पोराची परीक्षा, आईबापाची मुलाखत. १९९३नंतर अनुदान घेऊन वर फी उकळायचीही मुभा मिळाली. मग फीप्रमाणे शाळा आणि शाळेप्रमाणे सोबती असा मामला झाला. निम्म्याहून अधिक मुले अनुदानित खासगी शाळांत गेली. नगरपालिकांकडे उरली ती बहुतांशी कुणालाच नको असलेली. बरे, एवढे करून देशाची एकूण गुणवत्ता तरी वाढली का? चांग-ताय शिये आणि मिगेल उर्किओला या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली आकडे तपासले, तेव्हा सरासरी निकाल सुधारल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. श्रीमंत-गरिबांची चाळण मात्र पक्की झालेली सापडली.

शेवटी पोरेच रस्त्यावर उतरली. २००६ साली शाळकरी विद्यार्थ्यांनी शाळा ताब्यात घेतल्या. काळ्यापांढऱ्या गणवेशामुळे लोक त्यांना पेंग्विन म्हणत. २०११मध्ये विद्यापीठे पेटली. त्या आंदोलनातला एक नेता, गाब्रिएल बोरिच, २०२२ साली देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. २०१५ साली तिथल्या संसदेने कायदा करून अनुदानित शाळांतली नफेखोरी, वरची फी आणि मुले निवडण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने मोडीत काढायला घेतला. ज्या खड्ड्यातून चिली तीस-पस्तीस वर्षांनी रांगत बाहेर येतो आहे, त्यात आम्ही सुधारणा म्हणून उडी घ्यायला निघालो होतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपलीच. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत तिला लिफ्ट मिळालेली दिसत नाही.

याच्या उलट वाट चाललेले देशही आहेत. फिनलंडमध्ये एके काळी अकराव्या वर्षीच मुलांची वाटणी होत असे : ही पुढे शिकणारी, ती कामाला लागणारी. १९६८च्या कायद्याने ही वाटणी मोडून सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आणली. १९७२ साली सुरुवात कुठून केली? राजधानीतून नव्हे, उत्तरेच्या टोकाच्या लॅपलँडमधून. हेलसिंकीची पाळी १९७७ साली, सर्वांत शेवटी आली. आपल्याकडे नवी योजना पुण्यात जन्मते आणि गडचिरोलीला पोहोचेपर्यंत तिचा निधी संपलेला असतो. हाच फिनलंड २००० साली पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या पहिल्या फेरीत वाचनात जगात पहिला आला. अलीकडे तो घसरला आहे, हेही सांगून टाकू. कुणाचे देव्हारे आम्हाला माजवायचे नाहीत. पोलंडने १९९९ साली मुलांची फाटाफूट फक्त एक वर्ष लांबवली, तर पुढल्या दशकात कच्च्या मुलांचे वाचन लक्षणीय सुधारले. आणि गरीब देशाला गुणवत्ता परवडत नाही म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावे : २०१२च्या पिसात विज्ञानात तिथली पोरे जर्मनीच्या पोरांच्या पुढे होती.

आणि आपण? पिसाच्या २००९च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली आणि सत्तरहून अधिक सहभागींच्या यादीत तळाला, किर्गिझस्तानच्या आसपास राहिली. प्रश्नपत्रिका आपल्या मुलांच्या संस्कृतीशी जुळत नाही, असा कांगावा झाला. २०१२, २०१५, २०१८, २०२२ या चारही फेऱ्यांना भारत गैरहजर. आरसा फोडून तोंड उजळत नसते.

युरोपचे दाखले दिले की ‘त्यांची लोकसंख्या किती, आपली किती’ हा ठेवणीतला बाण येतो. म्हणून सोब्रालला चला. ब्राझीलच्या ईशान्येला, सियारा राज्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले हे शहर, वस्ती दोन लाखांच्या आसपास. आमच्या बीडची आठवण व्हावी असे. २००१च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने मुलांना एकेक करून वाचायला बसवले. दुसरी संपवलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना वाचता येत नव्हते. राज्यकर्त्यांनी हा आकडा लपवला नाही, चाचणी करणाऱ्यांवर नोटिसा काढल्या नाहीत. तोवर मुख्याध्यापक पुढाऱ्यांच्या शिफारशीने नेमले जात. ते बंद करून परीक्षेने निवडले. शाळेचा पैसा शाळेच्या हाती दिला. सगळा जोर पहिली-दुसरीवर लावला, शिक्षकांना दर महिन्याला नेमके काय आणि कसे शिकवायचे याचे प्रशिक्षण दिले, आणि प्रत्येक मूल वाचते की नाही हे वर्षातून दोनदा, शाळेबाहेरच्या माणसांकडून तपासले. २०१५च्या राष्ट्रीय निर्देशांकात प्राथमिकच्या पहिल्या टप्प्यात ब्राझीलच्या साडेपाच हजारांवर नगरपालिकांत सोब्राल पहिले आले. साओ पावलोच्या श्रीमंत उपनगरांच्याही पुढे. सियारा राज्याने त्याआधीच, २००७ साली, कायदा करून विक्रीकरातून नगरपालिकांना मिळणाऱ्या वाट्याचा एक हिस्सा मुलांच्या शिक्षणाशी जोडला होता. पोरांना वाचता आले तरच पालिकेच्या तिजोरीत पैसा येतो म्हटल्यावर महापौरांनाही बालवाङ्मयात रस वाटू लागला!

लहान शाळा मिळून एकच मोठी ‘समूह शाळा’ करा म्हणणारे इथे उसळून म्हणतील, सोब्रालनेही लहान शाळा एकत्र केल्याच की. केल्या. पण तिथे एकत्रीकरण हा वाचन शिकवण्याच्या मोहिमेचा एक तुकडा होता. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांची यादी निघाली ती शिक्षकांची पदे आणि पगार डोळ्यांपुढे ठेवून. वाडी-पाड्यावरची शाळा उठली की मुलगा कदाचित बसने जाईल. मुलीचे शिक्षण त्या दिवशी संपते. ओढ्याला पाणी आले की बस येत नाही, आणि चौथीतल्या पोरीला जंगलातून पाठवायला कुठली आई धजावेल?

आता आपल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत सकाळी साडेदहाला डोकावा. पटावर तीस-पस्तीस मुले, इयत्ता पहिली ते पाचवी. एक गुरुजी मतदारयाद्यांच्या कामाला गेलेले. उरलेल्या बाई पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवायला देऊन चौथीला भागाकार सांगतात, तोवर पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायची वेळ होते. मग किती मुले जेवली ते ॲपमध्ये भरायचे. रेंज नाही म्हणून मोबाईल घेऊन शाळेमागच्या चढावर जायचे. दुपारी केंद्रप्रमुखांचा गटावर निरोप : माहिती तातडीने, आजच, विहित नमुन्यात. एका मुलाच्या आधारकार्डावर जन्मतारीख चुकलेली. ते मूल रोज पहिल्या बाकावर बसते, पण शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत मोजले जात नाही. ऊसतोडीला गेलेल्या चौघांची नावे हजेरीत आहेत, मुले कारखान्याच्या पालावर. या बाईंनी गुणवत्ता आणायची! आणि त्यांच्या शेजारची रिक्त जागा भरायला सरकारने २०२३ साली काय काढले, तर निवृत्त शिक्षक, मानधन वीस हजार रुपये. डीएड, बीएड झालेली हजारो तरुण पोरे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली असताना!

पैसा नाही, ही सबब तर ऐकून ऐकून कान किटले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. सर्व मुलांसाठी समान, शेजारची शाळा असावी, हेही त्यानेच सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात ते सहा टक्के पुन्हा छापले. समान शाळा तेवढी गाळली. कोठारींच्याही आधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी विचारले होते की, सरकारचा महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का उधळता? १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. आज दंड करायचाच झाला तर तो कुणाला करावा लागेल, हे मंत्रिमहोदयांनी आपापल्या मनाशी ठरवावे. फुले-शाहूंच्या तसबिरींना हार घालणारे हात त्यांच्याच शाळांना टाळे ठोकतात आणि त्याला सुसूत्रीकरण म्हणतात.

उपाय गूढ नाहीत. गरीब मुलामागे जादा अनुदान द्यायचा कायदा चिलीने २००८ साली केला आणि तिथली दरी कमी होऊ लागली. ऊसतोड कामगाराच्या, पारध्याच्या, कातकऱ्याच्या मुलामागे शाळेला दुप्पट पैसा का मिळू नये? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी बिगरशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादायला मनाई केली आहे. ते कलम अमलात आणायला कुठली समिती नेमायची आहे? खासगी शाळांची २५ टक्क्यांची थकलेली प्रतिपूर्ती देऊन टाका, म्हणजे त्यांनाही सबब उरणार नाही. दुसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल वाचते का, ते बाहेरच्या माणसाकडून तपासा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

हे का होत नाही? निर्णय घेणाऱ्या एकाचेही लेकरू त्या शाळेत नाही म्हणून. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, असा आदेश दिला होता. एकाही सरकारने तो अमलात आणला नाही. महाराष्ट्रात तर २०२२नंतर बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. जाब विचारायचा तरी कुणाला?

तेव्हा वाचकहो, जाब विचारायची संधी दारात येईल तेव्हा ती दवडू नका. मत मागायला जो येईल, त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा : आपल्या गावच्या शाळेतली दुसरी जागा कधी भरणार, तिसरीतली किती पोरे धडा वाचतात, आणि साहेब, तुमची नातवंडे कुठल्या शाळेत आहेत? तिन्ही प्रश्नांना उत्तर देता आले नाही, तर त्याला मत देऊ नका.