चार इंचांचा हिशोब

शिकारीवर लिहितोय म्हटल्यावर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हा विषय मिटवला. पण मी राहतो कोलोरॅडोत, आणि इथे ऑक्टोबर आला की अर्धं ऑफिस एल्कबद्दलच बोलतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने दांडगा. मोठा नर सहज ३०० किलोच्या वर. आणि जेवणाच्या टेबलावरचा कायमचा वाद काय, तर रायफलची नळी किती लांब हवी?

लांबवाल्यांचं अगदीच चूक नाही. नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं आणि वेग वाढतो. साधारण इंचामागे सेकंदाला २०-३० फूट. आता करा हिशोब. ३०८ विंचेस्टरचं काडतूस, १६५ ग्रेनची गोळी, २४ इंची नळी, तर वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट. २० इंची घेतली तर २६०० च्या आसपास. २०० यार्डांवर नेम जुळवला असेल तर ३०० यार्डांवर दोन्हींत फरक पडतो जेमतेम इंचभराचा! एल्कची छाती केवढी, आणि आपण भांडतोय कशावरून? (आम्हा इंजिनिअर लोकांना कागदावर मोठा आकडा दिसला की राहवत नाही, हेच खरं.)

कागदावर नसलेली गोष्ट मला गेल्या वर्षी सॅन वॉनच्या डोंगरांत कळली. उंची दहा हजार फूट. मित्राकडे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, २६ इंची नळी, वर सात इंचांचा सायलेन्सर. रायफल पाठीला लावली की टोक पार डोक्याच्या वर. भुंगेऱ्यांनी वाळवलेले स्प्रूस आडवेतिडवे पडलेले, त्यांच्याखालून वाकून जायचं, आणि दर दहा पावलांवर नळी फांदीत. दुपारी एक नर ऐंशी यार्डांवर येऊन उभा राहिला. रायफल सोडवून खांद्याला लावेपर्यंत तो वळला होता. मित्राने तरीही चाप ओढला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. धापा टाकत घाईत मारलेली गोळी पोटात लागली असती, तर ते जनावर रात्रभर कुठेतरी तडफडत राहिलं असतं.

म्हणून माझं मत साधं आहे. दाट जंगलात २० ते २२ इंच पुरे. कोलोरॅडोत कायद्याने १६ ही चालते, पण तेवढ्या आखूड नळीचा आवाज म्हणजे कानाचे हाल. मात्र आधी काडतूस ठरवा, मग नळी. मॅग्नमची नळी २० इंचांवर आणलीत तर जादा दारूचा बराचसा फायदा नळीच्या तोंडाशी जाळ आणि दणका यातच जातो. उघड्या माळावर, लांबच्या टप्प्यावर मारायचं असेल, तर खुशाल २४ किंवा २६ घ्या. तिथे अडकायला फांद्या नाहीत.

वजनाचं म्हणाल तर चार इंचांनी फार काही वाचत नाही. खरा जाच लांबीचाच.

मी २० इंची ३०८ घेतोय. टेबलावरची मंडळी हसली. हसू देत. ३०० यार्डांपलीकडे चापाला बोट लावायचं नाही, हे मी आधीच ठरवलंय.